प्राथमिक शाळेतील मुलांना संतांविषयी काय आणि कसे सांगावे?

पाटीपेन्सिल (वसई)

सप्रेम नमस्कार.

वसई परिसरातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी गेली सतरा वर्षे शिकवते आहे. शाळा धर्मग्रामाची, म्हणजे इथल्या चर्चच्या परिसराची, आहे. वर्गातील निम्मी मुले कॅथलिक घरांतली, आणि उरलेली आगरी, कोळी, भंडारी, मुसलमान तसेच कामधंद्यासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांतली असतात. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुले एका खोलीत बसतात आणि बाकीच्यांना नीतिशिक्षण असते. त्या दोन्ही तासांना पुस्तक आहे, शिकवणाऱ्या व्यक्ती ठरलेल्या आहेत आणि काय शिकवायचे तेही ठरलेले आहे. माझा प्रश्न त्याखेरीजच्या वेळेचा आहे. संत आमच्या शाळेत तासापुरते नसतात. ते जिन्यावरच्या कोनाड्यात असतात, क्रीडागटांच्या नावांत असतात, परिपाठात असतात आणि सुट्ट्यांच्या यादीतही असतात. मुले रोज त्यांच्यासमोरून जातात आणि वाटेल ते विचारतात.

मागच्या वर्षी तिसरीतल्या एका मुलाने मला विचारले, "बाई, संत गोन्सालो अभंग लिहायचे का?" मुले हसली, पण मला त्या प्रश्नाने थांबवले. मराठी मुलाच्या कानात 'संत' हा शब्द ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई यांच्याबरोबर शिरतो, आणि त्याच्या डोळ्यांपुढे टाळ, वीणा आणि पंढरीची वाट उभी राहते. त्या संतांना कुणी पत्र देऊन संत ठरवले नाही; लोकांनी त्यांच्या ओव्या आणि अभंग पिढ्यान्‌पिढ्या गायले आणि तेच त्यांचे संतपण झाले. कॅथलिक चर्चमध्ये मात्र एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या जीवनाची चौकशी होते, साक्षी घेतल्या जातात, आधी तिला धन्यवादित म्हणतात आणि नंतर पोप तिला संत म्हणून घोषित करतात, आणि यात कधी कधी शतके जातात. आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियांना १५९७ मध्ये मरण आले, १६२७ मध्ये ते धन्यवादित ठरले आणि संत म्हणून घोषित झाले ते १८६२ मध्ये. दोन्हीकडे शब्द एकच असला तरी वाटा वेगळ्या आहेत, हे मी त्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखून सांगितले. आठ वर्षांच्या मुलांना ते समजले, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर समजले.

गोन्सालोंची गोष्ट मी कशी सांगते ते लिहिते, म्हणजे माझी अडचण कळेल. ते सुमारे १५५७ मध्ये वसईत जन्मले, म्हणजे आपल्याच मातीतले. वडील पोर्तुगीज आणि आई इथली. किल्ल्यात येशूसंघीयांची (जेझुइटांची) पाठशाळा होती, तिथे ते शिकले. त्या संघाच्या चर्चचे अवशेष आजही किल्ल्यात उभे आहेत आणि आम्ही चौथीची सहल तिथे नेतो. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात ते धर्मगुरूंबरोबर जपानला गेले आणि तिथली भाषा अशी शिकले की लोकांना त्यांचे बोलणे आवडू लागले. पुढे त्यांनी व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेले. ते धर्मगुरू झाले नाहीत, साधे ब्रदर राहिले. पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूंना फिलिपीन्समधून जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याच्याकडे पाठवले गेले, तेव्हा त्या दोघांच्या मधले बोलणे वसईच्या या माणसाने पोहोचवले.

हा भाग मी मुद्दाम लांबवते. वर्गात एकाच वेळी वाडवळी, सामवेदी, आगरी, हिंदी आणि मराठी बोलणारी मुले असतात. घरी आजीशी एका बोलीत आणि शाळेत बाईंशी दुसऱ्या भाषेत बोलणारे प्रत्येक मूल दिवसभर दुभाष्याचेच काम करत असते. भाषा शिकणे हे सेवेचे काम असू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. भिंतीवर आशियाचा नकाशा लावून मी वसई, मकाव, मनिला आणि नागासाकी अशी दोरी ताणते, आणि मुले बोटाने त्या दोरीवरून प्रवास करतात.

अडचण त्यानंतर येते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले, आणि गोन्सालो त्यांतले एक होते. त्या सव्वीस जणांत जपानी मुलगेही होते. सर्वांत लहान लुईस बारा वर्षांचा होता. हे पहिलीच्या मुलांना सांगावे का? सांगितले नाही तर रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणारा, या शब्दाचा अर्थ काय उरतो? आणि सांगितले, तर रात्री झोपेतून दचकून उठणाऱ्या मुलाच्या आईला मी काय उत्तर देऊ?

दुसरी अडचण आख्यायिकांची. मुले विचारतात, "बाई, हे खरंच झालं का?" या प्रश्नाला मी काय म्हणावे, याचा आपापल्या अनुभवातून विचार करून लिहावे, अशी विनंती.

रापणकरीण (वेंगुर्ले)

पाटीपेन्सिलताई, तुमचा धागा वाचून मला माझ्या मुलीची पहिली आठवली.

आमच्या घरी कोंकणी बोलतात, शाळा मराठी, आणि प्रार्थना निम्मी या भाषेत तर निम्मी त्या भाषेत. माझे सासरे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांतले. मुलीला संत म्हणजे फक्त चर्चमधल्या पुतळ्यातले कोणी तरी वाटत असत, पायांपर्यंत झगा, डोक्यामागे गोल प्रभा आणि नजर वर. एकदा २९ जूनला, संत पेद्रूच्या म्हणजे पेत्राच्या सणाला, सासरे ओसरीवर जाळे विणत बसले होते. पावसाळी मासेमारीबंदीत होड्या वर ओढलेल्या असतात आणि फाटलेली जाळी घराघरांत येऊन पडतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी सहज तिला म्हटले की येशूने याकोब आणि योहान या भावांना बोलावले, तेव्हा तेही वडिलांबरोबर जाळीच नीट करत बसले होते, आणि पेत्र व आंद्रेय त्या वेळी पाण्यात जाळे टाकत होते. ती आजोबांच्या हाताकडे बघत राहिली. त्या दिवसापासून पेत्र तिच्यासाठी पुतळ्यातून बाहेर आला.

दुसरी गोष्ट पेत्राच्या खोटे बोलण्याची. कोंबडा आरवण्यापूर्वी त्याने तीनदा सांगितले की मी त्या माणसाला ओळखत नाही, आणि मग बाहेर जाऊन तो रडला. ही गोष्ट शाळेत सहसा सांगत नाहीत, थेट स्वर्गाच्या चाव्यांवर आणि पहिल्या पोपपदावर येतात. मला वाटते, सहा वर्षांच्या मुलाला संतांच्या चरित्रातले सर्वांत जवळचे काही असेल तर ते हेच आहे, कारण भीतीपोटी खोटे बोलणे आणि नंतर रडणे हे त्याने त्याच आठवड्यात केलेले असते.

एक तक्रारही आहे. माझ्या लहानपणी मला जिथे शिकवले गेले, तिथे संत हे शिक्षेचे साधन होते. वही विसरली तर संत अमुक रागावतील, मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बोललीस तर संत तमुक बघताहेत. मी कित्येक वर्षे संध्याकाळी कोनाड्यासमोरून पळत जात असे. देवाच्या जवळच्या माणसांची भीती ज्या मुलाच्या मनात बसली, त्याच्या मनातून ती काढायला पुढे फार कष्ट पडतात. एवढे कोणत्याही शाळेने करू नये.

निवृत्त गुरुजी (देवगड)

मी हिंदू आहे आणि चाळीस वर्षे प्राथमिक शिक्षणात काढली आहेत. त्यांतली काही वर्षे अशा गावी गेली, जिथे माझ्या वर्गात कॅथलिक मुले बरीच होती. या धाग्यावर लिहावे की नाही, असा विचार केला. पण प्रश्न मुलांचा आहे, म्हणून लिहितो.

प्रथम कायद्याची बाजू, कारण पालकांच्या सभेत ती नेमकी अर्धवट सांगितली जाते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल, तर कोणत्याही विद्यार्थ्यावर त्यात भाग घेण्याची सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असल्याने पालकाची संमती लागते. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार देतो. म्हणजे आपल्या शाळेत धर्मशिक्षणाचा तास असणे योग्य आहे, आणि दुसऱ्या घरच्या मुलाला त्यात न बसवणेही तितकेच आवश्यक आहे. तुमची शाळा तसेच करते आहे, हे वाचून बरे वाटले.

आता परिपाठाचे. तिथे सगळी मुले एकत्र उभी असतात. माझे मत असे की चरित्र सर्वांना सांगावे आणि भक्ती ज्याच्या त्याच्या घरची ठेवावी. "संत फ्रान्सिस यांनी असे केले" हे वाक्य कोणत्याही मुलाला ऐकवता येते. "आपण सर्व संत फ्रान्सिसकडे प्रार्थना करू या" हे वाक्य ऐकवताना थांबावे. आम्हीही गाडगेबाबांविषयी सांगताना खराट्यापासून सुरुवात करतो, आणि कोणत्याही धर्माचे मूल खराटा हातात घेते.

एक नाजूक मुद्दा आहे, तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सोळाव्या शतकात गोव्यात आलेले धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव निघाले की कोकणातील आणि गोव्यातील पुष्कळ हिंदू घरांत गोव्याच्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाची (इन्क्विझिशनची) आठवण निघते. ३ डिसेंबरला, त्यांच्या सणाला, शाळेत त्यांचे गुणगान ऐकून आलेले मूल संध्याकाळी घरी वेगळे काही ऐकते, आणि दोन्हींच्या मध्ये ते एकटे सापडते. शिक्षकाने याचा विचार केलेला असावा.

दीपमाळ (आगाशी)

मी धर्मग्रामात रविवारी धर्मशिक्षण घेते, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या (फर्स्ट कम्युनियनच्या) तयारीची मुले माझ्याकडे असतात. गुरुजींचे बहुतेक म्हणणे मला पटले, तरी एका ठिकाणी माझे पाऊल अडते.

चरित्र सर्वांना आणि भक्ती घरी, हे शाळेच्या परिपाठाला ठीक आहे. परंतु कॅथलिक मुलाला संत सांगताना भक्ती काढून घेतली, तर हातात थोर माणसांची यादी तेवढी उरते. गोन्सालो उत्तम दुभाषी होते म्हणून ते संत झाले नाहीत. व्यापारात पैसा मिळवलेला माणूस सगळे सोडून ब्रदर का झाला, आणि मरण समोर दिसत असताना मागे का फिरला नाही, याचे उत्तर ख्रिस्तावरील प्रेमात आहे, आणि आमच्या मुलांना ते त्याच शब्दांत ऐकण्याचा हक्क आहे. या किनाऱ्यावर तो विषय मराठीत सांगण्याची परंपराही जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीछंदात रचले आणि ते १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. लोकांना जी चाल ओळखीची होती, त्याच चालीत त्यांनी येशूचे चरित्र बसवले.

आख्यायिकांविषयी माझी पद्धत अशी आहे. संत अंतोनीचा सण १३ जूनला, म्हणजे शाळा उघडण्याच्या सुमारास येतो. रिमिनी गावचे लोक त्यांचे ऐकेनात, तेव्हा ते पाण्याकाठी जाऊन माशांशी बोलू लागले आणि मासे डोकी वर काढून ऐकू लागले, ही गोष्ट मी सांगतेच, कारण ती किनाऱ्यावरच्या मुलांसाठीच जन्मली असावी इतकी त्यांना आवडते. पण सुरुवात "लोक असे सांगत आले आहेत की" या शब्दांनी करते. आणि "अंतोनी पोर्तुगालमध्ये लिस्बनला जन्मले आणि १२३१ मध्ये इटलीत पादुआजवळ मरण पावले" हे सांगताना "आपल्याला माहीत आहे" असे म्हणते. ही दोन वाक्ये वर्षभर न चुकता वापरली की मुले स्वतःच विचारू लागतात, "टीचर, ही माहीत आहे वाली गोष्ट की सांगत आलेली?" मूल आठ वर्षांचे असताना एवढे कळले, तर तेराव्या वर्षी त्याची श्रद्धा एका प्रश्नाने कोसळत नाही. ज्यांना सगळेच सारख्या आवाजात सांगितले गेले, त्यांनी मोठे झाल्यावर सगळेच एकदम टाकून दिलेले मी पाहिले आहे.

माडांच्या सावलीत (मालवण)

थोडक्यात लिहितो. माझा मुलगा चौथीत आहे आणि त्याला संत म्हणजे जुन्या काळातले लोक असे वाटत होते. कार्लो अकुतिस १९९१ मध्ये जन्मले, संगणकावर संकेतस्थळे तयार करत, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारले आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झाले, हे त्याला सांगितले. त्यांची आई अजून हयात आहे, हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. नंतर त्याने मला विचारले की मग त्यांची आई प्रार्थना करताना मुलाचे नाव घेत असेल का. मला उत्तर देता आले नाही. एवढेच सुचवतो की जुन्यांबरोबर एखादा आपल्या काळातला संत जरूर ठेवावा.

पाटीपेन्सिल (वसई)

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस हे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले.

दीपमाळताई, "माहीत आहे" आणि "सांगत आले आहेत" ही जोडी मी सोमवारपासून वर्गात वापरायला घेतली. तुमचा आक्षेपही मान्य आहे. मी परिपाठात दुभाषी गोन्सालो सांगेन, पण एखाद्या मुलाने "ते पळून का गेले नाहीत?" असे विचारले, तर "त्यांचे येशूवर प्रेम होते, आणि ते सोडून जाणे त्यांना शक्य झाले नाही" हे उत्तर मी सगळ्यांसमोर देईन. ते गोन्सालोंविषयीचे खरे उत्तर आहे आणि ते ऐकल्याने कोणत्याही घरच्या मुलावर काही लादले जात नाही.

गुरुजी, झेवियर यांच्याविषयी तुम्ही लिहिलेत ते योग्यच आहे, आणि ते आमच्या बाजूने क्वचितच कोणी उघडपणे बोलते. माझ्या समजुतीप्रमाणे सत्य असे आहे की १५४६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात गोव्यात धर्मन्यायालय असावे अशी मागणी केली होती. ते स्थापन झाले १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि मधला काही काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. त्यात लोकांनी जे भोगले ते भोगलेच. हे तिसरीच्या मुलाला सांगण्याचे वय नाही, परंतु आईवडिलांनी विचारल्यास मी हे असेच सांगेन, काही लपवणार नाही. मुलांना मी त्यांचा एकच प्रसंग सांगते. १५४२ मध्ये गोव्यात आल्यावर ते आजाऱ्यांच्या आणि कैद्यांच्या भेटी घेत, आणि मग हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून फिरत मुलांना शिकायला बोलावत; धडे गाऊन पाठ करून घेत. शाळेची घंटा वाजवणारे मूल हे ऐकून त्या दिवशी घंटा फार जपून वाजवते. त्यापुढे जाऊन ३ डिसेंबरला त्यांच्या गुणांची लांब भाषणे मुलांकडून पाठ करून घेण्याची आमच्याकडची पद्धत मी यंदा थांबवावी, असे मुख्याध्यापिका सिस्टरना सुचवणार आहे.

त्याऐवजी जानेवारीत जुझे वाझ यांना अधिक वेळ द्यावा असे मला वाटते. गोव्यातील बाणावलीला १६५१ मध्ये ते जन्मले. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांची सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूंना तिथे बंदी होती, म्हणून ते मजुराच्या वेशात गेले, तमिळ आणि सिंहली शिकले, कँडीच्या राजाने हेर समजून त्यांना कैदेत टाकले, आणि त्याच कँडीत १६९७ मध्ये देवीची साथ आली तेव्हा लोक रोग्यांना सोडून पळाले असताना ते रोग्यांपाशी राहिले. ते १६ जानेवारी १७११ रोजी वारले आणि २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संत घोषित केले गेले. साथ म्हणजे काय आणि माणसे एकमेकांपासून दूर का पळतात, हे आमच्या मुलांच्या घरांनी नुकतेच अनुभवलेले आहे. इथे मला काहीही सजवून सांगावे लागत नाही.

आता नागासाकीचे. मी असे ठरवले आहे की पहिली-दुसरीला गोष्ट समुद्रप्रवासापर्यंत आणि दुभाष्याच्या कामापर्यंत सांगायची आणि शेवटी "राजाने त्यांना मृत्युदंड दिला, पण त्यांनी आपला विश्वास सोडला नाही" एवढे एक वाक्य. तिसरीत क्रूस आणि टेकडी, चौथीत सव्वीस जणांची संख्या आणि त्या मुलग्यांचा उल्लेख. जखमांचे वर्णन कोणत्याही इयत्तेत नाही आणि त्या प्रसंगाचे चित्र वर्गात लावायचे नाही. रापणकरीणताईंनी लिहिलेली कोनाड्यासमोरून पळणारी मुलगी वाचल्यावर हा निर्णय सोपा झाला. आमच्या जिन्यावरचा कोनाडा अंधारात आहे. तिथे दिवा लावण्याची विनंती आजच केली आहे.

मालवणच्या दादांना एकच सांगते. तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न मी माझ्या चौथीला विचारला. एका मुलीने सांगितले, "आई आधी त्याच्याशी बोलत असेल, मग प्रार्थना करत असेल."

निवृत्त गुरुजी (देवगड)

तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. जुझे वाझ यांची माहिती मला नव्हती. आमच्या गावच्या शाळेत मी अजूनही शनिवारी गोष्ट सांगायला जातो. साथीचा तो प्रसंग मी तिथे सांगेन, नाव आणि गाव यांसह. आमच्याकडे एकही कॅथलिक मूल नाही, त्यामुळे तुम्ही सांगता त्या अर्थाचा 'संत' हा शब्द मलाही आधी फळ्यावर दोन रकाने आखूनच समजावावा लागेल.

रापणकरीण (वेंगुर्ले)

ताई, सासऱ्यांना हे सगळे सांगितले. त्यांनी रापणीच्या जुन्या जाळ्याचा हातभर तुकडा आणि जाळे विणायची सुई तुमच्या वर्गासाठी काढून ठेवली आहे. गाठ कशी मारायची ते मुलगी मोबाइलवर चित्रित करते आहे, आजोबांचे फक्त हात दिसतील असे. २९ जूनच्या परिपाठापूर्वी पोहोचावे म्हणून जूनच्या पहिल्याच आठवड्यात पोस्टाने पाठवते. तुकड्यात दोन डोळे मुद्दाम फाटलेले ठेवले आहेत, मुलांना नीट करता यावेत म्हणून.